न दिसण्याचा आरोप

"दादा, यात काय चाललंय ते दिसतच नाही. गोळी कुठून आली हे कळायच्या आत मी मेलेलो असतो. याला गेम कसं म्हणायचं?"

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या मावसभावानं रात्री बाराच्या सुमारास लॅपटॉप मिटला आणि हा निकाल दिला. तो मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करतो. बटण कुठे हवं, अक्षर केवढं हवं, लाल रंग कधी वापरायचा आणि कधी नाही, हा त्याचा रोजचा धंदा. मी त्याला मोठ्या हौसेनं 'स्पेस जिराफ' खेळायला दिला होता. त्यानं तासभर झुंज दिली आणि मग आपलं म्हणणं एका वाक्यात मांडलं: खेळाडूला लागणारी माहिती जो गेम दाखवत नाही, तो अवघड नसतो, अन्यायी असतो.

हे वाक्य वजनदार आहे, म्हणून त्याचा प्रतिवाद नीट करायला हवा. शिवाय ते एकट्या माझ्या भावाचं नाही. २२ ऑगस्ट २००७ रोजी हा गेम एक्सबॉक्स ३६० वर पाच डॉलरला विक्रीला आला, तेव्हापासून तो याच एका आरोपाखाली उभा आहे. एक्सबॉक्सच्या अधिकृत मासिकाच्या अमेरिकी आवृत्तीनं त्याला १० पैकी २ गुण दिले. दुसरीकडे काही खेळाडूंनी त्याला डोक्यावर घेतलं. मधलं मत असणारे फार थोडे. ज्यांना तो आवडला नाही, त्यांचं म्हणणं मात्र जवळपास एकच: रंगांच्या गदारोळात शत्रू दिसत नाहीत, गोळ्या दिसत नाहीत, कधीकधी स्वतःचं यानसुद्धा सापडत नाही.

मला हा आरोप मान्य नाही. 'सगळं दिसतं' असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत. माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे: दिसत नाही, म्हणून कळत नाही, म्हणून अन्याय होतो. या साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे.

आधी हा गेम काय आहे ते सांगायला हवं, कारण टीकेचा निम्मा गोंधळ तिथंच आहे. तो बनवला जेफ मिंटर आणि इव्हान झोर्झिन या दोघांनी. मिंटर हे ब्रिटिश. १९८२ साली त्यांनी 'लामासॉफ्ट' ही स्वतःची छोटी कंपनी काढली आणि त्याच वर्षी 'ग्रिडरनर' लिहिला; पुढच्या वर्षी 'अटॅक ऑफ द म्युटंट कॅमल्स'. उंट, मेंढ्या आणि लामा त्यांच्या गेममधून चाळीस वर्षं हिंडत आहेत. वेल्समध्ये त्यांचं शेत आहे आणि हे प्राणी तिथंही आहेत. मोठ्या कंपन्यांसाठी त्यांनी अधूनमधून काम केलं, पण मूळ पिंड एकट्यानं, फार तर दोघांनी, आपल्या मनासारखं बनवण्याचा. 'इंडी' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून ते तसे होते.

दुसरा धागा १९८१ सालचा. अटारीच्या डेव्ह थ्युरर यांनी 'टेम्पेस्ट' हे आर्केड मशीन केलं. पडद्यावर रेषांनी काढलेलं एक जाळं, आत खोलवर गेलेल्या बोगद्यासारखं. त्याच्या कडेवर तुमचं यान. हातात एक गोल चाक. ते फिरवलं की यान कडेकडेनं सरकतं. शत्रू तळातून वर चढत येतात, तुम्ही त्यांना गोळ्या घालून अडवायचं. एखादा कडेवर पोचला की जीव धोक्यात, कारण तो तिथून सरकत येऊन तुम्हाला पकडतो. १९९४ मध्ये मिंटर यांनी अटारीच्या जॅग्वार कन्सोलसाठी याच कल्पनेवर 'टेम्पेस्ट २०००' केला आणि तो त्या कन्सोलवरच्या सर्वोत्तम गेममध्ये गणला गेला.

आता 'स्पेस जिराफ'कडे पाहा. जाळं आहे, कड आहे, तळातून चढणारे शत्रू आहेत. बघणारा लगेच म्हणतो, हा तर टेम्पेस्टच, वर रंग ओतलेले. माझा भाऊही हेच म्हणाला आणि त्याच समजुतीनं खेळला. शत्रू दिसला की गोळी, कडेवर पोचला की पळ.

याच ठिकाणी सगळं बिघडतं, कारण या गेमनं टेम्पेस्टचा मुख्य नियम उलटा केला आहे. तुम्ही गोळ्यांनी शत्रू मारता तेव्हा जाळ्यावर एक पट्टा कडेपासून आत वाढत जातो. त्याचं नाव पॉवर झोन. मारणं थांबवलं की तो पट्टा हळूहळू आक्रसतो. पट्टा शिल्लक असेपर्यंत कडेवर आलेल्या शत्रूला तुम्ही घाबरायचं कारण नाही. उलट त्याच्यावर धावून जायचं आणि धडक देऊन त्याला जाळ्याबाहेर उडवायचं. गेममध्ये याला 'बुलिंग' म्हणतात. बैल शिंगावर घेतो, तसं. एका सपाट्यात जितके जास्त उडवाल तितका गुणांचा हिशेब फुगत जातो.

म्हणजे शहाणा खेळाडू काय करतो? तो सगळ्यांना मारत सुटत नाही. पट्टा जिवंत राहील एवढेच टिपतो आणि बाकीच्यांना मुद्दाम वर चढू देतो. कडेवर गर्दी जमू देतो. टेम्पेस्टमध्ये ज्या क्षणी खेळाडूच्या पोटात गोळा उठतो, तो क्षण इथं पीक कापणीचा आहे. पट्टा संपायच्या आत कापणी झाली नाही, तर मात्र जमवलेली तीच गर्दी अंगावर येते. लोभ आणि भीती यांच्यात दर दहा सेकंदांनी करावा लागणारा हा हिशेब या गेमचा प्राण आहे. जो सगळ्यांना गोळ्या घालत राहतो त्याच्या वाट्याला उरतात नुसत्या गोळ्या, थोडेसे गुण आणि 'हा फार अवघड आहे' ही भावना. नक्कल म्हणणाऱ्यांनी नियम वाचला नाही, चित्र पाहिलं. बुद्धिबळ आणि सोंगट्या दोन्ही चौकोनांच्या पटावर खेळतात, एवढ्यावरून कुणी त्यांना एक खेळ म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा, दिसण्याचा.

मिंटर यांचं दुसरं आयुष्य प्रकाशाच्या वाद्यांचं आहे. १९८४ सालचा 'सायकेडेलिया' हा गेम नव्हता. संगीत लावावं, जॉयस्टिक हलवावी आणि पडद्यावर रंगांचे आकार उमलवावेत, एवढंच त्यात होतं. पुढे 'कलरस्पेस', 'ट्रिप-ए-ट्रॉन', जॅग्वारच्या सीडी ड्राइव्हमधलं 'व्हर्च्युअल लाइट मशीन'. २००५ साली एक्सबॉक्स ३६० बाजारात आला, तेव्हा गाणी ऐकताना पडद्यावर जे रंग नाचायचे ते 'निऑन' मिंटर आणि झोर्झिन यांचंच. 'स्पेस जिराफ' त्याच निऑनवर उभा आहे. जाळं डुलतं, वाकतं, श्वास घेतल्यासारखं फुगतं. मागे रंग एकमेकांत विरघळतात. लेव्हल बदलली की सगळी रंगसंगती बदलते. अशा शंभर लेव्हल आहेत.

टीकाकार म्हणतो, हा मारा म्हणजे शत्रूंवर टाकलेलं पांघरूण. मी म्हणतो, हा आवाजाचा गेम आहे आणि हे त्यानं कधीच लपवलेलं नाही. शत्रू जाळ्यावर उतरतो त्याचा आवाज वेगळा. कुणी गोळी सोडली त्याचा वेगळा. प्रत्येक जातीची स्वतःची हाक आहे. पहिल्या दहा-पंधरा लेव्हल हे आवाज निव्वळ गलका वाटतात. मग कधीतरी, साधारण विसाव्या लेव्हलच्या आसपास, माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली जी मी दुसऱ्या कुठल्या शूटिंग गेममध्ये अनुभवलेली नाही. डावीकडून काहीतरी येतंय हे मला कळलं, हात हलला, मी वाचलो, आणि मग लक्षात आलं की मी ते पाहिलेलंच नव्हतं. ऐकलं होतं.

यात गूढ काही नाही. आवाजाला माणूस प्रकाशापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो. साध्या चाचण्यांमध्ये हा फरक साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांचा असतो. आणि गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणं ही आपल्या मेंदूची जुनी करामत आहे. १९५३ साली कॉलिन चेरी या संशोधकानं दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवून लोक त्यातलं एक कसं धरून ठेवतात हे तपासलं होतं. लग्नाच्या मांडवात शंभर जण बोलत असताना कुणी मागून आपलं नाव घेतलं की मान वळते, हा त्याचाच घरगुती प्रकार.

मी कॉलेजात असताना तीन वर्षं ढोल-ताशा पथकात होतो. पहिल्या वर्षी मला ताशा ऐकूच यायचा नाही. माझ्याच ढोलाचा दणका, शेजारच्या तिघांचा दणका, समोरून येणाऱ्या दुसऱ्या पथकाचा दणका. त्यात ठेका बदलायची ताशाची खूण म्हणजे वादळात टाचणी पडल्यासारखी. मी बाकीच्यांचे हात पाहून वाजवायचो आणि दर वेळी अर्ध्या ठोक्यानं मागे पडायचो. आमच्या पथकातल्या एका जुन्या दादांनी मला एका सरावाला डोळे मिटून उभं केलं. दुसऱ्या वर्षी ताशा ऐकू यायला लागला, आणि एकदा यायला लागला की तो न ऐकू येणं शक्यच राहिलं नाही. दणका तेवढाच होता. ताशाचा आवाज कुणी वाढवला नव्हता. 'ढोल हळू वाजवा म्हणजे मला ताशा ऐकू येईल' असं मी पहिल्या वर्षी म्हणालो असतो, तर ती मागणी चुकीची नसती, पण मग मिरवणूक कशाची?

'स्पेस जिराफ'मधला रंगांचा मारा हा तो ढोल आहे. तो काढून टाकला तर ऐकण्याची गरजच उरत नाही. डोळे पुरेसे असताना माणूस कानाकडे वळत नाही. आपण सगळेच डोळ्यांवर विसंबून राहायला शिकलेले आहोत. डोळ्यांचा आधार डळमळीत करावा लागतो, तेव्हा कान पुढे येतात. आणि डोळेही मग निराळं काम करू लागतात. एकेका गोळीकडे टक लावून पाहणं सुटतं, नजर सैल होते, जाळ्याच्या हालचालीतला बिघाड तेवढा जाणवतो. या अवस्थेपर्यंत नेण्यासाठीच हा गेम असा रचला आहे. मिंटर यांना गोळ्या स्पष्ट काढता येत नव्हत्या असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी 'टेम्पेस्ट २०००' पाहावा.

आता एक तपशील, जो मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्या रात्री घरात सगळे झोपले होते. आईची झोप सावध. माझ्या भावानं लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद करून हा गेम खेळला. तासभर.

मी त्याला दोष देत नाही. बहुतेक गेम आवाज बंद करून खेळता येतात आणि आपण सर्रास खेळतो. बसमध्ये, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, दुसऱ्या खिडकीत क्रिकेटचं समालोचन चालू ठेवून. आवाज ही सजावट, असा आपला ठाम समज झाला आहे. हा समज आर्केडच्या इतिहासाला धरून नाही. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रूंची रांग खाली सरकते तशी चार सुरांची ती थाप वेग घेते. पडद्यावरून नजर हटली तरी संकट किती जवळ आलं हे छातीला कळतं. 'जॉमेट्री वॉर्स', ज्याच्याशी 'स्पेस जिराफ'ची सतत तुलना झाली आणि त्या तुलनेत त्याला कमी लेखलं गेलं, त्यातही शत्रू उगवतो तेव्हा त्याच्या जातीचा आवाज येतो, आणि निष्णात खेळाडू त्यावर खेळतात. मिंटर यांनी नवीन एवढंच केलं की जी गोष्ट तिथं आधाराला होती ती इथं कणा केली.

माझ्या भावाच्या वाक्याकडे परत येतो. 'खेळाडूला लागणारी माहिती दाखवली पाहिजे.' यातला 'दाखवली' हा शब्द त्याच्या धंद्यातून आला आहे. तिकीट काढायच्या अ‍ॅपमध्ये मला बटण शोधावं लागलं तर ते डिझाइन वाईटच. तिथं माझं काम गाडी पकडणं आहे, बटण ओळखायला शिकणं नाही. अवजाराचं मोठेपण हातात विसरलं जाण्यात असतं. पण गेम हे अवजार नाही. त्यात शिकणं हेच काम असतं, आणि काय शिकायचं हे प्रत्येक गेम आपापलं ठरवतो. केव्ह या जपानी कंपनीचा १९९७ सालचा 'दोदोनपाची' पडदाभर गोळ्या सोडतो, पण प्रत्येक गोळी ठळक, झळझळीत. कारण तो गेम तुम्हाला फटीतून वाट काढायला शिकवतो, आणि फट दिसली नाही तर शिकवण्यासारखं काही उरतच नाही. तिथं स्पष्टपणा हा धर्म आहे. तो मला मनापासून आवडतो. पण त्या गेमचा धर्म सगळ्या शूटिंग गेमवर लादला, तर गंभीर घोटाळा होतो: ज्या गेमनं ऐकायला शिकवायचं ठरवलं त्याला आपण 'नीट दिसत नाही' म्हणून नापास करतो.

यावर एक चांगला प्रतिप्रश्न येतो, आणि तो माझ्या भावानंच दुसऱ्या दिवशी चहा घेताना केला. "मग बनवणाऱ्यानंच माघार का घेतली?" त्यानं रात्रीत शोधलं होतं. २००८ च्या डिसेंबरमध्ये विंडोजवर हा गेम आला, तेव्हा त्यात 'नक्स' नावाचा एक प्रकार जोडलेला होता, ज्यात दृश्यांचा मारा बराच उतरवला आहे. आणि २०१४ साली मिंटर यांनी प्लेस्टेशन व्हीटावर 'टीएक्सके' आणला. पुन्हा जाळं, पुन्हा कड, पण स्वच्छ, चकचकीत, सगळं दिसणारं. त्याचं भरपूर कौतुक झालं. "म्हणजे लोक बरोबर होते आणि त्याला ते पटलं," भाऊ म्हणाला.

हा टीकाकारांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, म्हणून जरा थांबून पाहू. 'टीएक्सके' हा 'स्पेस जिराफ'ची दुरुस्ती नाही. त्यात धडकेचा तो उलटा नियम नाही. तो 'टेम्पेस्ट २०००'च्या वाटेवर परत गेलेला गेम आहे, इतका की २०१५ मध्ये अटारीनं हक्कांचा वाद उकरून काढला आणि तो इतर यंत्रांवर आणण्याचा बेत बारगळला. पुढे दोघांचं जमलं आणि २०१८ मध्ये 'टेम्पेस्ट ४०००' आला. टेम्पेस्टचा वारस टेम्पेस्टसारखा स्पष्ट असणारच, कारण टेम्पेस्ट डोळ्यांचा गेम आहे. उलट २०१७ चा 'पॉलिबियस' पाहा. मिंटर आणि झोर्झिन यांचाच, भन्नाट वेगाचा, रंगांत न्हालेला, आणि पुन्हा तीच मागणी करणारा: नजर सैल सोड. माघार घेतलेला माणूस असा गेम करत नाही.

'नक्स'बद्दल मात्र भाऊ बरोबर आहे. ती माघार होती आणि ती योग्य होती. तो प्रकार पहिल्या दिवसापासून हवा होता.

इथून मी टीकाकारांच्या बाजूला येऊन बसतो, कारण 'स्पेस जिराफ'मध्ये खरे दोष आहेत आणि 'दिसत नाही'च्या ओरड्यात त्यांच्याकडे कुणी धड पाहिलं नाही.

सगळ्यात मोठा दोष शिकवण्यातला. सुरुवातीला एक धडा आहे. तो चाली सांगतो: हा पट्टा, ही धडक, हे बटण. पण 'कान उघडे ठेव' हे तो बिंबवत नाही. एकेका शत्रूचा आवाज सुटा ऐकवून, मग रंग थोडे वाढवून, मग आणखी वाढवून नेलं असतं, तर माझ्यासारख्याला विसाव्या लेव्हलला जे कळलं ते पाचव्याला कळलं असतं. पाच डॉलर देऊन गेम घेणारा माणूस विसाव्या लेव्हलपर्यंत दम धरेलच असं नाही, आणि त्यानं धरावा असा आग्रह धरायचा हक्क बनवणाऱ्याला नाही. पथकातल्या त्या दादांनी मला डोळे मिटून उभं केलं नसतं तर मीही पहिल्याच वर्षी ढोल खाली ठेवला असता. मिंटर यांनी ते दादांचं काम केलं नाही. स्वतः पंचवीस वर्षं या रंगांत राहिलेल्या माणसाला, नवख्याला पहिल्या मिनिटाला काय वाटतं याचा विसर पडला असावा, असं मला वाटतं.

त्यात भर म्हणजे गेममधला मजकूर. इंग्रजीतले खासगी विनोद, ब्रिटिश चॅटरूममधली बोली, मित्रमंडळींसाठी मारलेल्या कोपरखळ्या. ज्या ठिकाणी दोन सरळ शब्दांत मदत हवी होती तिथं चेष्टा आहे. बाहेरच्या माणसाला यातून एकच निरोप मिळतो: हे तुझ्यासाठी नाही. 'स्वतःच्याच नादात बनवलेला गेम' हा जो आरोप झाला, त्याला खतपाणी रंगांनी घातलं नाही, या भाषेनं घातलं.

आणखी गंभीर गोष्ट शरीराची. झगमगत्या दृश्यांनी काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. दहा वर्षांनी आलेल्या गेमला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. सुरुवातीला एक इशारा झळकवून जबाबदारी संपत नाही. उजळ-अंधाराचा वेग कमी करायची सोय गेमच्या आत, पहिल्याच पानावर पाहिजे होती. रंगांधळेपणाचंही तसंच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांतल्या एकाला लाल-हिरव्याचा फरक नीट कळत नाही. माझा प्रतिवाद 'रंगांतून ओळखू नका, आवाजातून ओळखा' असा असल्यामुळे त्यांचं भागेल, असं वाटू शकतं. पण मग ज्याला ऐकू येत नाही त्याचं काय? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कानावर उभा केलेला गेम बहिऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवतो. कंट्रोलरच्या कंपनांत आवाजाची भाषा उतरवता आली असती. २००७ च्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये ती ताकद होती.

आणि हो, काही लेव्हल निव्वळ फसलेल्या आहेत. जाळ्याचा आकार असा की यान सरकवताना डावं-उजवं उलटं होतं, त्यात रंग गोळ्यांच्या जातीचेच, त्यात आवाज एकावर एक इतके चढलेले की कान धरायलाही जागा नाही. तिथं मी मेलो ते माझ्या चुकीनं नाही. तिथं भावाचा 'अन्यायी' हा शब्द मी मुकाट्यानं स्वीकारतो. शंभरातल्या अशा किती? माझ्या मते मूठभर. पण मूठभर म्हणजे शून्य नव्हे.

तरीही १० पैकी २? ज्या समीक्षकानं ते दिले त्यानं वाचकांना प्रामाणिकपणे सावध केलं, यात मला शंका नाही. पण आर्केड गेमचं परीक्षण मासिकाच्या मुदतीत करायचं म्हणजे नवा राग पहिल्या आलापावर नाकारण्यासारखं आहे. हा गेम वेळ मागतो, आणि मागितलेल्या वेळेची कदर कशी करतो हे त्याच्या एका साध्या सोयीत दिसतं, जिचा उल्लेख टीकेत क्वचित येतो. प्रत्येक लेव्हलला तुम्ही आजवर सर्वांत जास्त किती जीव आणि गुण घेऊन पोचलात हे गेम लक्षात ठेवतो, आणि तिथून पुन्हा सुरू करू देतो. म्हणजे अठराव्या लेव्हलला एकाच जिवावर पोचलो असेन, तर मी बाराव्यावर परत जाऊन ती घोटतो, दोन जीव वाचवतो, आणि अठराव्याला आता तीन जीव घेऊन जातो. हा रियाज आहे. जुन्या आर्केड मशीनसारखं दर वेळी पहिल्यापासून नाणं टाकायला लावणारा हा गेम नाही. खेळाडूला छळायचं असतं तर ही सोय कुणी दिली नसती. अन्यायाच्या आरोपाविरुद्ध मी हाच पुरावा सगळ्यात आधी ठेवेन.

मिंटर यांनाही तो निकाल जिव्हारी लागला. एका जुन्या 'फ्रॉगर'ची नवी आवृत्ती आपल्या गेमपेक्षा कितीतरी जास्त विकली जाते, याची खंत त्यांनी त्या दिवसांत उघडपणे मांडली होती. ती खंत मला समजते, पण तिच्यातला रोख मला पटत नाही. लोकांची चव बिघडली होती असं नाही. लोकांना कुणी ऐकायला शिकवलं नव्हतं, आणि ते शिकवण्याची पहिली जागा त्यांचाच गेम होता.

माझा भाऊ भाऊबीज झाल्यावर परत गेला. जाताना माझे हेडफोन घेऊन गेला. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. तो सत्ताविसाव्या लेव्हलवर होता. "गोळ्या अजूनही दिसत नाहीत," म्हणाला, "पण आता येतात ते कळतं." मग त्यानं स्वतःच्या धंद्याप्रमाणे तीन सुधारणा लिहून पाठवल्या. पहिली, सुरुवातीला प्रत्येक शत्रूचा आवाज सुटा ऐकवणारा धडा. दुसरी, झगमगाट कमी करायची पट्टी पहिल्याच पानावर. या दोन्हींवर मी सही करायला तयार आहे. तिसरी, मागचे रंग मुळात बंद असावेत आणि ज्याला हवे त्यानं चालू करावेत. या तिसऱ्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. रंग बंद असतानाच तो सुरू झाला असता, तर हेडफोन न्यायची गरज त्याला कशाला पडली असती, हे मी त्याला दर फोनवर विचारतो.